ओर्से संग्रहालय, पॅरिस: आधुनिक चित्रकलेचा उदय तळमजल्यापासून पाहावा

युरोपीय चित्रकलेत आधुनिकतावाद कसा रुजला हे मूळ कलाकृतींसमोर उभे राहून समजून घ्यायचे असेल, तर पॅरिसमधल्या ओर्से संग्रहालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत तिथल्या मोने आणि रेन्वार यांच्या लोकप्रिय दालनांमुळे झालेले नाही. ज्या तळमजल्यावरून बहुतेक प्रेक्षक घाईघाईने सरकत्या जिन्याकडे निघून जातात, त्या तळमजल्याने ते घडवले आहे. संग्रहालयाने स्वतःसाठी १८४८ ते १९१४ असा कालखंड आखून घेतला आहे. या सहासष्ट वर्षांत चित्र म्हणजे काय, ते कोणासाठी काढायचे, कोणते विषय त्याच्या योग्यतेचे आणि ते पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे बदलली. ती सहजासहजी बदलली नाहीत. त्यांच्यामागे मोठे भांडण होते, आणि ओर्सेने त्या भांडणातल्या दोन्ही बाजू जपून ठेवल्या आहेत.

आधुनिक कलेचे बहुतेक संग्रह जिंकलेल्यांचा इतिहास सांगतात. माने, मोने, सेझान, व्हॅन गॉग, मातीस अशी ओळीने नावे येतात आणि एकाने दुसऱ्याच्या हाती मशाल दिली असावी असा भास होतो. हे चित्रकार ज्यांच्याशी झगडत होते, त्यांची चित्रे मात्र कुठे दिसत नाहीत. ओर्से १९८६ मध्ये उघडले तेव्हा अकादमी या सरकारी कलासंस्थेच्या मान्यताप्राप्त चित्रकारांना तिथे पुन्हा सन्मानाने भिंती मिळाल्या, आणि त्यावर बरीच टीका झाली. ज्या गुळगुळीत, गोडगोड चित्रांना इतिहासाने बाजूला सारले होते, त्यांना आधुनिकांच्या शेजारी का बसवावे, असा टीकाकारांचा सवाल होता. माझ्या मते तो निर्णय हेच या संग्रहालयाचे सर्वांत मोठे बळ आहे, कारण नकार कशाला दिला गेला हे पाहिल्याशिवाय नकाराचे मोल कळत नाही.

इमारतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तीही याच कहाणीचा भाग आहे. पॅरिस-ऑर्लेआं रेल्वे कंपनीसाठी व्हिक्तोर लालू या वास्तुविशारदाने बांधलेले हे स्थानक १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सुरू झाले. आत लोखंड आणि काच यांची अवाढव्य कमान होती, तर बाहेर सेन नदीच्या पलीकडे लूव्ह्र संग्रहालय असल्यामुळे शोभून दिसावा असा दगडी, अलंकृत दर्शनी भाग होता. पोटात यंत्रयुग आणि चेहऱ्यावर जुनी प्रतिष्ठा हा त्या काळाचा स्वभावच इथे बांधकामात उतरलेला दिसतो. पुढे गाड्यांची लांबी वाढली, फलाट अपुरे पडले आणि १९३९ पासून लांब पल्ल्याची वाहतूक बंद झाली. १९७७ मध्ये स्थानकाचे संग्रहालय करण्याचे ठरले आणि आतली रचना इटालियन वास्तुविशारद गाए औलेंती यांच्याकडे सोपवली गेली. मधल्या उंच दालनाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दगडी भिंतींच्या खोल्या उभारल्या. कमानीची उंची ३२ मीटर आणि लांबी १३८ मीटर आहे, त्यामुळे या खोल्यांतून बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी डोळ्यांना मोकळीक मिळते. काहींना औलेंती यांचे दगडकाम जड वाटते. मला मात्र ते सोयीचे वाटते, कारण एवढ्या मोठ्या पोकळीत चित्रे हरवून जाऊ नयेत यासाठी असा घट्ट आडोसा हवाच होता.

तळमजल्यावर पहिल्यांदा शोधावे ते तोमा कुत्यूर याचे ऱ्हासकाळातील रोमन लोकांचे चित्र. १८४७ मधले हे चित्र जवळपास पावणेआठ मीटर रुंद आहे. खांबांच्या प्रशस्त सभागृहात मद्याने शिथिल झालेली रोमन मंडळी पसरली आहेत आणि भोवती त्यांच्या सद्गुणी पूर्वजांचे पुतळे उभे आहेत. प्राचीन विषय, नैतिक तात्पर्य, शिल्पासारखी शरीरे आणि प्रचंड आकार अशी मोठ्या चित्राची त्या काळची सगळी लक्षणे त्यात आहेत. त्याचे रेखाटन उत्तम आहे आणि रचनाही विचारपूर्वक केलेली आहे, हे मान्य करावे लागते. एदुआर माने याच कुत्यूरच्या चित्रशाळेत सुमारे सहा वर्षे शिकला, ही गोष्ट मनात ठेवून पुढे जावे.

फ्रान्समध्ये त्या काळी चित्रकाराचे भवितव्य सालों या सरकारमान्य प्रदर्शनावर अवलंबून असे. परीक्षक मंडळावर अकादमीचा पगडा होता. तिथे निवड झाली तर ग्राहक, सरकारी खरेदी आणि पदके यांची वाट मोकळी होई, आणि तिथे नाकारला गेलेला चित्रकार बाजारातूनही जवळपास बाद होई. १८६३ मध्ये मंडळाने इतकी चित्रे परत पाठवली की तक्रारी थेट सम्राटापर्यंत गेल्या, आणि तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवण्याची परवानगी दिली. निकाल लोकांनीच ठरवावा, हा त्यामागचा विचार होता. लोकांनी गर्दी केली आणि ते बरेचसे हसले. मानेचे गवतावरच्या भोजनाचे चित्र याच प्रदर्शनात होते: दोन पोशाखी पुरुष आणि त्यांच्यासोबत बसलेली एक विवस्त्र स्त्री, जी सरळ प्रेक्षकाकडे पाहते आहे.

त्याच वर्षी अधिकृत सालोंमध्ये अलेक्सांद्र कॅबानेल याचे व्हीनसच्या जन्माचे चित्र गाजत होते, आणि ते सम्राटाने स्वतःसाठी विकत घेतले. ते चित्रही आज ओर्सेमध्येच आहे. समुद्राच्या लाटेवर एक गोरीपान देवी आळसावून पहुडली आहे, वर बाळदूत उडत आहेत, आणि तिचे डोळे अर्धवट मिटलेले असल्यामुळे पाहणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. मानेने आपली ‘ऑलिंपिया’ १८६३ मध्येच रंगवली, पण ती १८६५ च्या सालोंमध्ये प्रदर्शित झाली. दोन्ही चित्रांची उंची जवळजवळ सारखी, १३० सेंटिमीटरच्या आसपास आहे. दोन्हींत एक आडवी विवस्त्र स्त्री आहे आणि दोन्ही एकाच शहरात एकाच वर्षी रंगवली गेली. ओर्सेला जाणाऱ्याने एवढीच दोन चित्रे अर्धा-अर्धा तास पाहिली, तरी त्याचे तिकीट सार्थकी लागेल असे मी म्हणेन.

कॅबानेलच्या देवीच्या अंगावर कुंचल्याची एकही खूण सापडत नाही. उजेडापासून सावलीपर्यंतचा प्रवास इतक्या हळुवार छटांनी केलेला आहे की शरीर मेणाचे असावे असे वाटते. मानेने या मधल्या छटाच काढून टाकल्या. ऑलिंपियावर उजेड समोरून पडतो आणि त्यामुळे तिच्या अंगाची गोलाई जवळपास नाहीशी होते. फिकट शरीर गडद पार्श्वभूमीला टोकदार कडेने भिडते, आणि चादरीचे, कागदात गुंडाळलेल्या फुलांचे, पायातल्या चपलेचे रंग सपाट पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी येतात. रचना त्याने सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकार तित्सियानोच्या व्हीनसवरून घेतली होती. त्यामुळे जाणकारांना हे चित्र परंपरेची थट्टा करणारे वाटले, आणि सामान्य प्रेक्षकांना त्यात देवी दिसेना. गळ्यातली काळी फीत, मांडीवर ठामपणे ठेवलेला हात आणि ग्राहकाला न्याहाळावे तशी नजर यांवरून ही पॅरिसमधली वेश्या आहे हे सर्वांना उमगले होते. चित्रावर हल्ला होईल या भीतीने ते प्रदर्शनात नंतर दाराच्या वर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगावे लागले.

या चित्रातल्या दुसऱ्या स्त्रीकडे फार काळ कोणी लक्ष दिले नाही. फुलांचा गुच्छ घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय दासीसाठी लोर नावाची स्त्री मॉडेल म्हणून बसली होती आणि तिचे नाव मानेच्या नोंदीत सापडते. ऑलिंपियासाठी व्हिक्तोरीन मरां बसली होती, जी पुढे स्वतः चित्रकार झाली आणि तिची चित्रे सालोंमध्येही लागली. ओर्सेने २०१९ मध्ये कृष्णवर्णीय मॉडेल या विषयावर मोठे प्रदर्शन भरवून लोरला तिच्या नावानिशी समोर आणले. संग्रहालयाने आपल्याच सर्वांत प्रसिद्ध चित्राकडे असे नव्याने पाहावे, याचा मला आदर वाटतो.

ऑलिंपिया सरकारी संग्रहात कशी आली, ही हकिकतही तितकीच महत्त्वाची आहे. माने १८८३ मध्ये वारला. पुढे हे चित्र एखादा अमेरिकन ग्राहक घेऊन जाईल अशी चिन्हे दिसू लागल्यावर क्लोद मोनेने चित्रकारांकडून आणि मित्रांकडून वर्गणी गोळा केली आणि सुमारे वीस हजार फ्रँक जमवून मानेच्या विधवेकडून ते विकत घेतले. १८९० मध्ये त्याने ते राष्ट्राला दिले. लूव्ह्रमध्ये जाण्यासाठी मात्र चित्राला १९०७ पर्यंत थांबावे लागले. हा तपशील माहीत असला की तळमजला आणि मोने व त्याच्या सोबत्यांची चित्रे असलेला पाचवा मजला यांच्यातले नाते कळते, कारण वरच्या मजल्यावरच्या चित्रकारांनी खालच्या मजल्यावरच्या चित्रासाठी आपले पैसे आणि वेळ खर्च केला होता.

मानेच्या आधीचा धक्का गुस्ताव्ह कूर्बेचा होता. ओर्नां गावातल्या अंत्ययात्रेचे त्याचे चित्र साडेसहा मीटरहून अधिक रुंद आहे. एवढा आकार तोवर राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी राखलेला असे. कूर्बेने त्यावर गावातले शेतकरी, पाद्री, रडणाऱ्या बायका, खड्डा खणणारा माणूस आणि एक कुत्रा असे सगळे जवळपास मानवी आकारात ओळीने उभे केले. चित्रात कोणी नायक नाही, आणि आकाशातून कोणतीही दिव्य खूण उतरत नाही. १८५० च्या सालोंमध्ये हे चित्र लागल्यावर लोक चिडले ते या समानतेमुळे. १८५५ मध्ये जागतिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्याचे चित्रशाळेचे भव्य चित्र नाकारले तेव्हा कूर्बेने प्रदर्शनाच्या जवळच स्वखर्चाने मंडप उभारला आणि त्यावर वास्तववादाची पाटी लावली. सरकारी भिंतीबाहेर स्वतःचे प्रदर्शन भरवण्याची जी रीत पुढे आधुनिकांची ओळख ठरली, तिचा मोठा आरंभ इथे आहे. ही चित्रे समोर पाहताना त्यांचा जाड, सुरीने लावलेला रंगही लक्षपूर्वक पाहावा, कारण छापील प्रतींत त्याचा अंदाजच येत नाही.

पाचव्या मजल्यावरची दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे क्षणिक प्रकाशाचा ठसा टिपणाऱ्या चित्रकारांची दालने ही संग्रहालयाची सर्वांत गर्दीची जागा आहे. २०११ मध्ये जाँ-मिशेल विल्मोत यांनी त्यांचे नूतनीकरण केले तेव्हा भिंतींना गडद राखाडी रंग आला, पायाखाली लाकूड आले आणि छतातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडाला कृत्रिम प्रकाशाची काळजीपूर्वक जोड मिळाली. हा बदल यशस्वी झाला आहे. पांढऱ्या भिंतीवर ही फिकट चित्रे मळकी दिसतात, तर गडद भिंतीवर त्यांतला प्रकाश पुढे येतो. मधे तोकुजिन योशिओका यांनी घडवलेले काचेचे बाक आहेत. ते सुंदर आहेत, पण संख्येने कमी आणि पाठीला आधार नसलेले आहेत, त्यामुळे वयस्क प्रेक्षकांनी त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये.

१५ एप्रिल १८७४ रोजी बुलव्हार दे काप्युसीन या रस्त्यावर, छायाचित्रकार नादारने सोडलेल्या चित्रशाळेत, या दृक्प्रत्ययवाद्यांसह तीसएक चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवले, आणि त्यानंतर १८८६ पर्यंत अशी एकूण आठ प्रदर्शने झाली. बर्थ मोरिसोचे ‘पाळणा’ हे चित्र पहिल्याच प्रदर्शनात होते आणि ते इथे आहे. पाळण्यावरची पारदर्शक जाळी तिने पांढऱ्या आणि करड्या रंगाच्या इतक्या मोजक्या फटकाऱ्यांनी उभी केली आहे की जवळ गेल्यावर जाळी विरते आणि फक्त रंग उरतो. या पिढीच्या हाती काही नवी साधनेही होती. १८४१ पासून पत्र्याच्या नळीत भरलेले तयार रंग मिळू लागले होते, त्यामुळे उघड्यावर दिवसभर तैलरंगात काम करणे सोपे झाले. रेल्वेने अर्जांतोयसारखी उपनगरे तासाभराच्या आत आणली. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात हे १८३९ मध्ये मांडले होते. संग्रहालयाच्या माहितीफलकांवर या भौतिक कारणांना अधिक जागा मिळायला हवी, असे मला वाटते, कारण त्यांच्याशिवाय प्रेक्षकाच्या मनात केवळ प्रतिभेची दंतकथा उरते.

मोनेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तरी दोन गोष्टी चुकवू नयेत. १८७७ मधले सें-लाझार स्थानकाचे चित्र एका जुन्या स्थानकातच पाहायला मिळते: काचेच्या छपराखाली निळसर वाफ, आणि त्या वाफेत विरघळणारी इंजिने. दुसरी गोष्ट म्हणजे रुआं येथील कॅथेड्रलच्या मालिकेतली पाच चित्रे. मोनेने १८९२ ते १८९४ या काळात त्या एकाच दर्शनी भिंतीवर काम केले. ही चित्रे एकत्र पाहिली की दगडाचे महत्त्व कमी होत जाते, चित्राचा विषय प्रकाशाकडे सरकतो, आणि मग विषय नावाची गोष्ट किती अनावश्यक होऊ शकते याची पहिली जाणीव होते.

या मजल्यावर मी सर्वांत जास्त थांबेन ते गुस्ताव्ह कायबोत याच्या चित्रांपाशी. लाकडी जमीन तासणाऱ्या तीन उघड्या अंगाच्या कामगारांचे त्याचे चित्र १८७५ च्या सालोंने परत पाठवले, म्हणून ते पुढल्या वर्षी दृक्प्रत्ययवाद्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात आले. त्याचे यथादर्शन, म्हणजे दूर-जवळचा आभास देणारी रचना, वरून उतरते आहे, जमीन प्रेक्षकाच्या पायांकडे घसरते, आणि खिडकीतून आलेला उजेड तासलेल्या आणि न तासलेल्या पट्ट्यांवर वेगवेगळा चमकतो. कायबोत श्रीमंत होता. त्याने मित्रांची चित्रे त्यांच्या अडचणीच्या काळात विकत घेतली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीच मृत्युपत्र करून ती राष्ट्राला देऊन टाकली. ती माळ्यावर किंवा आडगावच्या संग्रहालयात न ठेवता आधी हयात चित्रकारांसाठीच्या लुक्सांबूर संग्रहालयात आणि पुढे लूव्ह्रमध्ये लावावीत, अशी त्याची अट होती. १८९४ मध्ये तो वारला. साठाहून अधिक कलाकृतींपैकी सरकारने चाळीसच्या आसपास स्वीकारल्या, आणि त्या १८९७ मध्ये लोकांसमोर मांडल्या गेल्यावर अकादमीने निषेध नोंदवला. रेन्वारचे मूलँ द ला गालेत येथील नृत्याचे चित्र आणि वर सांगितलेले सें-लाझार स्थानक ही दोन्ही याच देणगीतून आली आहेत. २०२३ मध्ये कायबोतचे नौकाविहाराचे चित्र एका मोठ्या उद्योगसमूहाच्या देणगीतून ४ कोटी ३० लाख युरोंना संग्रहालयात आले. नाकारण्यापासून या रकमेपर्यंतचे अंतर ओर्सेच्या भिंतींवर वाचता येते.

यापुढची वाट अधिक कठीण आहे आणि म्हणून अधिक रसाळ आहे. पॉल सेझानचे ‘सफरचंदे आणि संत्री’ हे १८९९ च्या सुमाराचे स्थिरवस्तुचित्र आधी दुरून पाहावे. पांढरे कापड, भरजरी गालिचा, फुलांची नक्षी असलेला चंबू, ताटली, उंच पायाचे फळपात्र, आणि सगळीकडे फळे. मग हळूहळू जवळ जावे. ताटली इतकी कललेली आहे की फळे घरंगळायला हवीत, टेबलाची पातळी कापडाखाली कुठे आहे हे कळत नाही, आणि फळपात्र एका कोनातून पाहिलेले आहे तर ताटली दुसऱ्या. तरीही चित्र ढासळत नाही, कारण प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला धरून आहे. पंधराव्या शतकापासून युरोपीय चित्रकलेने पाहणाऱ्याचा डोळा एका जागी खिळवला होता. इथे तो हलतो. सेझान १९०६ मध्ये वारला आणि पुढल्या वर्षी शरद प्रदर्शनात त्याची चित्रे एकत्र मांडली गेली, तेव्हा पॅरिसमधल्या तरुण चित्रकारांनी ती बारकाईने अभ्यासली. ब्राक आणि पिकासो यांचा घनवाद, म्हणजे वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणारी शैली, त्यानंतरच्या काही महिन्यांतच आकाराला येऊ लागला.

जॉर्ज सराचे ‘सर्कस’ १८९१ मध्ये अपूर्ण राहिले, कारण तो एकतिसाव्या वर्षीच वारला. पिवळे, केशरी आणि निळे ठिपके, वर उसळणाऱ्या रेषा, आणि चित्राभोवती त्यानेच रंगवलेली निळी कड यांत भावनेला गणिती शिस्त लावण्याचा प्रयत्न दिसतो. व्हॅन गॉगच्या दालनात नेहमी गर्दी असते. त्यातही ओव्हेर येथील चर्चच्या चित्रापाशी थांबावे, कारण तिथली वळणदार भिंत आणि दाटून आलेले निळे आकाश भावना तीव्र रंगरेषांतून मांडणाऱ्या पुढच्या अभिव्यक्तिवादाची वाट सरळ दाखवतात. गोगँची ताहितीची चित्रे रंगाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. मात्र ताहिती १८८० पासून फ्रान्सची वसाहत होती आणि ज्या निरागस स्वर्गाचे त्याने चित्र उभे केले, तो त्याला तिथे सापडला नव्हता. तो त्याने बव्हंशी कल्पनेने रचला, आणि अगदी कोवळ्या वयाच्या मुलींना सोबतीण म्हणून ठेवण्याचे त्याचे वर्तनही त्या स्वर्गाचा भाग होते. संग्रहालयाने ही बाजू अधिक ठळकपणे सांगायला हवी.

सगळ्यात लहान आणि सगळ्यात सहज चुकणारे चित्र म्हणजे पॉल सेरुझिएचे ‘ताईत’. २७ सेंटिमीटर उंचीची ही लाकडी फळी १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनीतल्या पाँ-आव्हेन गावाजवळच्या राईत, गोगँ शेजारी उभा असताना रंगवली गेली. झाड पिवळे दिसते ना, मग तुझ्याजवळचा सर्वांत पिवळा रंग लाव. सावली निळसर दिसते, तर शुद्ध निळा लाव, अशा आशयाच्या गोगँच्या सूचना होत्या. पाण्यात पडलेले झाडांचे प्रतिबिंब, वाट, राई आणि डावीकडची झाडे हे सर्व आधी रंगांचे तुकडे म्हणून दिसते आणि मग, शोधल्यावर, निसर्गदृश्य म्हणून. सेरुझिएने ते पॅरिसला नेऊन बोनार, व्ह्युयार आणि मोरिस दनी या मित्रांना दाखवले. चित्र म्हणजे कथा किंवा वस्तू असण्याआधी ठरावीक क्रमाने रंग लावलेला एक सपाट पृष्ठभाग असतो, हा विचार दनीने १८९० मध्ये लिहून ठेवला. १८६५ मध्ये ऑलिंपियाचे सपाटपण दोष म्हणून हिणवले गेले होते. पंचवीस वर्षांत तेच सिद्धांत झाले. तळमजला पाहून आलेल्याला हे अंतर ताबडतोब कळते, न पाहिलेल्याला ही फळी केवळ एक रंगीत रेखाटन वाटते.

आता उणिवा. पहिली मांडणीची आहे. कालक्रमाने चालायचे तर तळमजल्यावरून थेट पाचव्या मजल्यावर आणि तिथून पुन्हा मधल्या मजल्यावर यावे लागते, त्यामुळे कथेचा धागा तुटतो. अनेकांची मधल्या मजल्यावर येईपर्यंत दमछाक झालेली असते, आणि शिल्पकार रोदँच्या ‘नरकद्वारा’चा प्लास्टरमधला प्रचंड नमुना घाईत पाहिला जातो. त्या मजल्यावरची नवकलेची (आर नूव्हो या अलंकरणशैलीची) लाकडी दालने आणि फर्निचर चांगले असले, तरी थकलेल्या डोळ्यांना त्यांचा लाभ होत नाही.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. ओर्सेमधला युरोप फार मोठ्या प्रमाणात पॅरिस आहे. डेन्मार्कच्या हामरशॉयचे पाठमोऱ्या स्त्रीचे शांत चित्र किंवा मुंकचे एखादे चित्र भेटते, पण म्युनिक, व्हिएन्ना आणि बर्लिन इथल्या चित्रकारांनी १८९० च्या दशकात अधिकृत संस्थांपासून फुटून स्वतःची मंडळे काढली, त्या बंडाची पुरेशी कल्पना इथे येत नाही. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला ‘पूल’ या नावाचा गट स्थापन झाला, १९०९ मध्ये यंत्र आणि वेग यांचा गौरव करणाऱ्या इटालियन भविष्यवाद्यांचा जाहीरनामा पॅरिसच्याच वर्तमानपत्रात छापून आला, १९११ मध्ये म्युनिकमध्ये कांडिन्स्की आणि मार्क हे चित्रकार एकत्र आले. या सगळ्या घटना १९१४ च्या आतल्या आहेत, आणि तरी इथे त्यांची जागा रिकामीच वाटते. घनवादाचेही तसेच आहे. पॅरिसमधल्या राष्ट्रीय संग्रहांच्या वाटणीत विसाव्या शतकाची सुरुवात आधुनिक कलेच्या पाँपिदू केंद्राकडे गेली, म्हणून सेझानपर्यंत आणून सोडल्यावर ओर्से पुढचे पाऊल स्वतः दाखवू शकत नाही. पाँपिदू केंद्र २०२५ च्या शरद ऋतूपासून अनेक वर्षांच्या दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे हा तुटलेपणा सध्या अधिक जाणवतो.

जाण्याची सोय उत्तम आहे. इमारतीच्या खालूनच उपनगरी रेल्वे अजून धावते आणि स्थानकाचे नावही संग्रहालयाचेच आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते. ऑनलाइन तिकीट सुमारे १६ युरो आहे, अठरा वर्षांखालील सर्वांना आणि युरोपीय संघात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालील तरुणांना प्रवेश विनामूल्य आहे. गुरुवारी संग्रहालय रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते आणि संध्याकाळचे तिकीट स्वस्त मिळते. मला ही वेळ सर्वांत चांगली वाटते, कारण सहली परतलेल्या असतात आणि मानेच्या दालनात उभे राहायला जागा मिळते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असला तरी चित्रे निवांत पाहायची असतील तर तो दिवस टाळावा. फ्लॅश न वापरता छायाचित्रे काढता येतात. चित्रे अधूनमधून जागा बदलतात आणि काही परदेशी प्रदर्शनांसाठी जातात, तेव्हा एखाद्या विशिष्ट चित्रासाठी जाणाऱ्याने संकेतस्थळावर आधी खात्री करून घ्यावी.

वेळ कमी असेल तर मी कापेन तो मोने आणि रेन्वार यांचा भाग, तळमजला नाही. कुत्यूर, कॅबानेल, कूर्बे आणि माने यांना दीड तास द्यावा, मग वर जाऊन कायबोत, सेझान आणि सेरुझिए पाहावेत. कथेचा पुढचा भाग दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी मिळतो. नदीपलीकडच्या ऑरांजरीमध्ये मोनेची कमळतळ्याची आठ विशाल चित्रे दोन लंबगोल दालनांत १९२७ पासून लावलेली आहेत. मारे भागातल्या पिकासो संग्रहालयात ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ या १९०७ च्या चित्राच्या पूर्वतयारीची कामे आहेत. मूळ चित्र न्यूयॉर्कला असले, तरी ओर्सेमधल्या सेझानच्या फळांपासून पिकासोच्या त्या तुटक, कोनदार देहांपर्यंत हात कसा पोहोचला, हे त्या कामांवरून पुष्कळ समजते.